दंतवैद्याचा वर्ग कोणता?

मधुमेहाचा रोगी हिरड्या सुजल्या की दंतवैद्याकडे जातो आणि साखर वाढली की डॉक्टरकडे. हिरड्यांचा जुनाट दाह साखर आटोक्यात येऊ देत नाही आणि वाढलेली साखर हिरड्या बऱ्या होऊ देत नाही, हे आता सर्वमान्य आहे. तरीही या दोन चिकित्सकांची गाठ क्वचितच पडते, कारण ती विद्यार्थिदशेतही पडलेली नसते.

दंतवैद्यकाची ही वेगळी चूल १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे मांडली गेली. जगातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय तेथे स्वतंत्रपणे निघाले. हार्वर्डने १८६७ मध्ये हे शिक्षण विद्यापीठाच्या छत्राखाली आणले खरे, पण पुढेही कित्येक वर्षे नफ्यासाठी चालविलेल्या शाळांचा सुळसुळाट होता. त्यांच्यावर कोरडे ओढणारा अहवाल कार्नेगी प्रतिष्ठानतर्फे १९२६ साली विल्यम गाइज यांनी लिहिला. गाइज दंतवैद्य नव्हते. ते कोलंबिया विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकवीत. दंतवैद्यकाचा दर्जा वैद्यकाच्या बरोबरीचा असावा, हा त्यांचा आग्रह होता.

आज हार्वर्ड, कोलंबिया, कनेटिकट अशा मोजक्या विद्यापीठांत दंतवैद्यकाचे विद्यार्थी आरंभीचे मूलभूत विषय वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसमवेत शिकतात. उरलेल्या बहुसंख्य संस्थांनी हा मार्ग धरला नाही, आणि त्याला केवळ दुराग्रह म्हणता येणार नाही. वैद्यकाच्या पदवीधरास पुढे रुग्णालयात वर्षानुवर्षे उमेदवारी करता येते. दंतवैद्य मात्र बहुधा पदवी मिळताच रुग्णाच्या दातावर यंत्र चालवू लागतो. ते हस्तकौशल्य प्रयोगशाळेत घटवावे लागते आणि त्याला तास लागतात. ते तास यकृत-मूत्रपिंडांच्या तपशिलात गेले, तर हात कच्चा राहील ही भीती अगदीच निराधार नाही. एकत्र वर्गात दंतवैद्यकाचा विद्यार्थी दुय्यम पाहुणा ठरतो, ही दुसरी अडचण. तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही.

पण रोगी वेळापत्रक पाहून येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याचा दात काढायचा असतो. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेल्या काही औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचे हाड मृत होऊ शकते. कधी जबड्यातील कळ ही हृदयविकाराची सूचना असते. उलट बाजूने पाहिले, तर अनेक डॉक्टर जीभ पाहतात आणि टॉर्च विझवतात. तंबाखू-गुटख्याच्या या देशात पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी आहे. गालाच्या आतील पांढरा चट्टा वेळीच ओळखणे हे कोणा एकाचे काम मानून चालणार नाही.

भारतात मुले नीट ही एकच परीक्षा देतात. गुणांची रांग जेथे तुटते तेथे एम.बी.बी.एस. संपते आणि बी.डी.एस. सुरू होते, ही प्रतवारी समाजाने केली आहे, शरीरशास्त्राने नव्हे. दोघेही पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया व जीवरसायन शिकतात, पण वेगळ्या इमारतींत, वेगळ्या खोलीने. तीनशेहून अधिक दंतवैद्यक महाविद्यालयांपैकी कित्येकांच्या शेजारी वैद्यकीय महाविद्यालयच नाही. तेथे एकत्र शिक्षणाची गोष्ट व्यर्थ आहे.

नागपूरला मात्र तशी सबब नाही. तेथील शासकीय दंत महाविद्यालय मेडिकलच्याच आवारात आहे, आणि दोन्ही संस्था नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेल्या आहेत. प्रयोग करायचा तर नवी इमारत लागणार नाही. लागेल ती दोन नियामकांची संमती. वैद्यकासाठी २०१९ साली आणि दंतवैद्यकासाठी २०२३ साली, असे दोन राष्ट्रीय आयोगांचे कायदे संसदेने चार वर्षांच्या अंतराने स्वतंत्रपणे संमत केले. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम जुळवून घेणे हे आता या दोन दारांवर जाऊन मागावे लागेल.