पेटीतील पदक

वडिलांच्या पश्चात जुनी पेटी उघडावी, तळाशी एक पदक सापडावे आणि ते दुसऱ्या महायुद्धात लढले होते हे मुलांना तेव्हा प्रथम कळावे! सातारा-सांगलीच्या घरांत असे घडले तर नवल नाही. १९४३ मध्ये या भूमीत क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार इंग्रजांशी झुंजत होते. त्याच वर्षी मराठा पलटणी इंग्रजांच्याच ध्वजाखाली इटलीत उतरल्या. १९४४ मध्ये नाईक यशवंत घाडगे तेथेच धारातीर्थी पडले. स्वतंत्र भारतात परतलेल्या जवानाला आपली कथा कोणत्या तोंडाने सांगावी, असा संकोच वाटला असेल.

शोध घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. वाळवा, तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला. ‘सांगली’ हे जिल्ह्याचे नाव १९६० चे. त्यामुळे जुन्या सैनिकी कागदांवर ‘सातारा’च शोधावे. सैनिकी क्रमांक हाती असल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. मराठा पलटणीचे केंद्र बेळगावी आहे.

गणवेश परक्यांचा असला, तरी रक्त इथल्या मातीचे होते. ते मौन समजून घेणे, हेही पितृऋणच होय.