बीटल्स आणि आमचे सोवळे

काशीस बदलून आलेल्या मराठी अधिकाऱ्यांच्या बैठकीत गाण्याचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेले असते: बीटल्सनी आमची सतार बाटवली. परवा एका जाणत्या सद्गृहस्थांच्या तोंडून तेच ऐकले आणि आम्हांस राहवले नाही. आम्ही या चार इंग्रज वादकांचे चाहते आहोत. ते लपविण्याचे कारण नाही. परंतु वाद आमच्या आवडीचा नसून न ऐकता निवाडा देण्याच्या सवयीचा आहे. फाइल वाचल्यावाचून ज्यांनी कधी शेरा मारला नाही, त्यांनी संगीतापुरता हा नियम का मोडावा?

आरोपातील हकीकत पाहू. १९६५ साली ‘रबर सोल’ या ध्वनिमुद्रिकेत जॉर्ज हॅरिसनने सतार छेडली. ते वादन कच्चे होते, हे मान्य. पुढच्याच वर्षी, जगाने डोक्यावर घेतलेला हा तेवीस वर्षांचा तरुण पंडित रविशंकरांपाशी शिकावयास भारतात आला. हे रविशंकर १९२० साली याच काशीत जन्मलेले. त्याच वर्षीच्या ‘रिव्हॉल्व्हर’च्या वेष्टनावर तबलावादकाचे नाव छापले आहे: अनिल भागवत. हे आडनाव आमच्या वाचकांस परके वाटू नये!

सतार आपल्या आवाक्यातली नाही हे ओळखून हॅरिसन पुढे गिटारीकडे वळला. आपली मर्यादा ओळखणे हाही विद्येचा मानच होय. गुरूला मात्र तो अंतरला नाही. १ ऑगस्ट १९७१ रोजी, रविशंकरांच्या शब्दाखातर, त्याने न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी जलसा केला, आणि आरंभीचे स्थान रविशंकर, अली अकबर खाँ व अल्लारखा यांना दिले. श्रोत्यांनी वाद्ये जुळविण्यालाच टाळ्या दिल्या म्हणून आमचे मित्र हसतात. खुशाल हसावे, पण ते श्रोते निदान जागेवर बसले होते!

त्या लाटेत गांजाच्या धुरात सतार ऐकणारेही आले, हे खरे. त्यांना रविशंकरांनीच खडसावले. परंतु भाविकांत चार भोंदू निघाले म्हणून कोणी देवळाला कुलूप लावीत नाही.

आता सोवळ्याविषयी. ज्या नाट्यसंगीताने आमचा ऊर भरून येतो, त्यातली पेटी युरोपातून आली. १९४० पासून सुमारे तीस वर्षे आकाशवाणीने तिला वाळीत टाकले. मराठी रसिकाने टाकले नाही, आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी तिला मैफलीत मानाची जागा मिळवून दिली. लग्नाच्या दारातली सनई याच शहरातील बिस्मिल्ला खाँनी मैफलीच्या मध्यभागी बसविली. मग सतार लिव्हरपूलच्या हाती गेली, एवढ्यानेच ती कशी बाटली? विद्या उंबरठा ओलांडते म्हणूनच जगते.

खरी लाज निराळीच आहे. कबीरचौऱ्यावरून आमची मोटार रोज जाते. त्या गल्ल्यांतून कोणकोणते तबलजी आणि गवई निपजले, याची चौकशी आम्ही कधी केली नाही. संकटमोचनाच्या देवळात दरवर्षी रात्र-रात्र गाणे चालते, तिकीट नसते. आमच्यापैकी किती जण तेथे पहाटेपर्यंत बसले? बदलीचा हुकूम येताच आम्ही गंगाजलाची बाटली भरून घेतो आणि काशी आपल्याला लाभली असे समजतो. लिव्हरपूलच्या त्या मुलाने बाटली भरली नाही. तो काशीच्या सुरापुढे मांडी घालून बसला. बाटविण्याचा आरोप करणाऱ्यांनी आधी तेवढे तरी करावे.