आईच्या नावावर अर्धा तास



वस्तीत आरोग्य शिबिर भरले की एक प्रसंग हमखास घडतो. चाळिशीची एखादी भगिनी टेबलासमोर येऊन बसते. बोटातून रक्ताचा थेंब घेतात, दंडाला पट्टा बांधतात. साखर वाढलेली, रक्तदाबही वाढलेला. डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि सांगतात, "ताई, रोज अर्धा तास चाला." ताई मान डोलावतात. बाहेर आल्यावर शेजारणीला म्हणतात, "चालायला वेळ कुठाय बाई? आणि दिवसभर मी काय बसून असते का?"

हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. व्यायामावर लेख पुष्कळ येतात. पहाटे पाचला उठा, बागेत जा, मोकळ्या हवेत दीर्घ श्वास घ्या. पण ज्या घरात पहाटेच नळाला पाणी येते आणि आठच्या आत तीन डबे भरायचे असतात, त्या घरातल्या आईने बाग कधी गाठायची, हे त्यात नसते. म्हणून आज व्यायामाआधी वेळेचा हिशेब मांडू.

वेळेचा जमाखर्च

दिवसाची मिनिटे १,४४०. ही जमा गरीब-श्रीमंत सर्वांना सारखीच. फरक पडतो तो खर्चाच्या बाजूला.

समजा, एका घरात आई-वडील दोघेही कामाला जातात आणि दोन मुले शाळेत आहेत. आई ४.४५ ला उठते. स्वयंपाक, पाणी, डबे, मुलांची तयारी, स्वतःची आंघोळ यात ८ वाजतात. एक तास प्रवास, ९ ते ५ काम, येताना भाजी घेऊन घरी पोहोचायला ६.१५. तेथून ९.४५ पर्यंत पुन्हा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, कपडे, भांडी आणि त्यातच घाईचे जेवण. पुढचा एक तास उद्याची तयारी करता करता टी.व्ही. पाहण्यात जातो. १०.४५ ला अंग टाकले की झोप मिळते ६ तास.

वडील ६ ला उठतात. चहा, आंघोळ, पेपर. ७.३० ला बाहेर, ६ ला घरी. तासभर विसावा, मग ७ ते ९ नाका, मंडळ किंवा मिटिंग. अर्धा तास जेवण. पुढे ११ पर्यंत टी.व्ही. आणि मोबाईल. झोप ७ तास.

आईच्या घरकामातून आंघोळ-जेवणाचा पाऊण तास वजा केला तरी रोजचे ६ तास उरतात. आठवड्याचे ४२. रविवारी ते कमी होत नाहीत, कारण त्या दिवशी चादरी धुवायच्या असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना, १९४६ साली, कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक त्यांनी मांडले. माणसाला कामापलीकडेही वेळ हवा, हे तत्त्व आपण तेव्हापासून मानतो. पण नोकरीचे ४८ तास भरून आल्यावर घरात आणखी ४२ तास राबणाऱ्या आईला ते आपण लागू केलेले नाही.

हे घर कल्पनेतले आहे, पण देशाचा आकडा फार वेगळा नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोक आपला दिवस कसा घालवतात याची पाहणी केली आणि २०२४ साली ती पुन्हा केली. २०१९ मध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २९९ मिनिटे खर्च करत होत्या, पुरुष ९७. २०२४ मध्ये स्त्रिया २८९ आणि पुरुष ८८. पुरुषांचा हा आकडा जे घरकामाला हात लावतात त्यांचाच आहे. २०१९ च्या पाहणीत असे पुरुष चारात जेमतेम एक होते.

घरकाम हाच व्यायाम नाही का?

शरीर हलते ते सगळे उपयोगाचेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यात घरकामही हालचालीत धरले आहे. मग ताईंची साखर का वाढली?

कारण ओट्यापाशी तासन् तास उभे राहण्याने पाय दुखतात, पण दम वाढत नाही. वाकून भांडी घासल्याने कंबर धरते, पण हृदयाला काम लागत नाही. व्यायाम कोणता, हे ओळखायची साधी खूण आहे. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत श्वास वाढला पाहिजे. गोदीत किंवा बांधकामावर ओझी वाहणाऱ्या बांधवांचेही तसेच. तेच सांधे, तेच ओझे आणि मुकादम सांगेल तेवढा वेळ. त्यात शरीराला आपल्या मर्जीने विसावा मिळत नाही. व्यायामात थांबणे आपल्या हाती असते.

नेमाने चालण्याचा गुण असा की स्नायू कामाला लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात. हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो, म्हणून सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये. याच आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. आठवड्याच्या १०,०८० मिनिटांत तो दीड टक्काही भरत नाही. तरी २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतातील सुमारे ५७ टक्के स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष तेवढीही हालचाल करत नाहीत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आय.सी.एम.आर.च्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेल्याचे दिसले. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात असा आजार आला म्हणजे औषधाचा खर्च, बुडालेला रोज आणि शेवटी मोठ्या मुलीची शाळा, अशी रांग लागते.

झोप मोडून व्यायाम नको

आता महत्त्वाची गोष्ट. "वेळ नाही तर चारला उठ", असा सल्ला आपल्या माता-भगिनींना कोणी देत असेल तर तो मानू नये. प्रौढ माणसाला निदान ७ तास झोप लागते. ती सतत कमी पडली तर रक्तदाब आणि साखर दोन्ही वाढण्याचा धोका असतो. सहा तास झोपणाऱ्या आईने आणखी पाऊण तास कापून व्यायाम करायचा, म्हणजे एका खिशातले दुसऱ्या खिशात घालायचे आणि वाटेत थोडे सांडायचे.

आईचा अर्धा तास तिच्या झोपेतून काढायचा नाही. तो घरातल्या इतरांच्या वाट्यातून आला पाहिजे. वरच्या घराचाच हिशेब पुढे चालवू.

वडिलांनी १०.३० ला झोपावे आणि ५.३० ला उठावे. झोप ७ तासच राहते. सकाळचा अर्धा तास पाणी भरणे आणि डबे बांधणे त्यांच्याकडे. संध्याकाळी ७ ते ७.३० मुलांचा अभ्यास त्यांनी घ्यावा आणि मग मिटिंगला जावे. मिटिंग कधी वेळेवर सुरू होते का? जेवणानंतर अर्धा तास भांडी. झाली ९० मिनिटे. आईला सकाळी अर्धा तास उशिरा उठता येते, रात्री अर्धा तास आधी झोपता येते, म्हणजे तिलाही ७ तास झोप मिळते. आणि संध्याकाळी ७ ते ७.३० हा वेळ तिच्या नावावर जमा होतो.

एवढे करूनही आईकडे साडेचार तास घरकाम राहते आणि वडिलांकडे दीड तास. म्हणजे घरकाम करणाऱ्या पुरुषांची देशाची जी सरासरी आहे, तिथपर्यंतच आपण पोहोचलो. कोणी फार मोठा त्याग केला असे समजू नये.

मुलांनाही कामे द्यावीत, पण एक पथ्य पाळावे. आईचा भार उचलून मुलीच्या डोक्यावर ठेवू नये. बारा वर्षांची मुलगी भाकरी थापू शकते, तर बारा वर्षांचा मुलगा अंथरुणे काढू शकतो, केर काढू शकतो, स्वतःचा डबा घासू शकतो. मुलीचा अभ्यास बुडवून मिळालेला अर्धा तास कोणत्याच आईला नको असेल.

काय करावे, कोठे करावे

पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा साधे बूट असले की पुरे. रोज झपझप ३० मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस. सलग जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात. जेवणानंतर दहा मिनिटे चालल्याने जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते. स्टेशनपर्यंत शेअर रिक्षाऐवजी पायी गेल्यास व्यायाम होतो आणि भाडेही वाचते. मोबाईलवर बोलायचेच असेल तर घराबाहेरच्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारत बोलावे.

आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या ताकदीसाठी. खुर्चीवरून हात न टेकता १० वेळा उठावे-बसावे. भिंतीला हात लावून १० वेळा दंड काढावेत. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून १५ वेळा टाचा उचलाव्यात. दहा मिनिटांत उरकते आणि पैसा लागत नाही.

संध्याकाळी एकटीने बाहेर पडायला भगिनींना संकोच वाटतो, काही ठिकाणी भीतीही असते. चौघी-पाचजणी मिळून निघाल्या की दोन्ही जातात. पालिका शाळेचे मैदान, वस्तीतला मोठा रस्ता आणि पावसाळ्यात विहाराचे सभागृह. तेथे चालण्यात वावगे काही नाही. धम्मात चंक्रमण आहेच. चालण्याने लांब पल्ल्याची वाट सोसते, आजार कमी होतात, अन्न पचते, हे लाभ अंगुत्तर निकायातही सांगितले आहेत. विहाराच्या समितीने संध्याकाळी अर्धा तास सभागृह यासाठी उघडे ठेवावे, अशी विनंती आहे.

ज्या भगिनी एकट्याच घर चालवतात, किंवा ज्यांचे पती रात्रपाळीला असतात, त्यांना वरचा हिशेब तसाच लागू होणार नाही. त्यांनी दहा मिनिटांचे तुकडेच धरावेत आणि शेजारणीशी पाळी लावावी. आज तू माझी मुले बघ, उद्या मी तुझी.

सुरू करण्याआधी तपासणी करून घ्यावी. वयाच्या तिशीनंतर रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये आणि चालताना साखर किंवा गोळी-बिस्किट जवळ ठेवावे. रोज रात्री तळपाय पाहावेत. छातीत दुखले, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागला तर थांबून डॉक्टरांना दाखवावे.

शेवटचा मुद्दा मनाचा आहे. "घरात काम पडलेले असताना मी फिरायला निघाले तर लोक काय म्हणतील?" असे पुष्कळ भगिनींना वाटते. हिशेबाच्या वहीत यंत्राचा घसारा दरवर्षी लिहावा लागतो. यंत्र आज चालते आहे, पण ते झिजते आहे आणि त्याची तरतूद आत्ताच करायची, असा तो नियम. आईवडिलांच्या शरीराचा घसारा मात्र कोणत्याच घरात लिहिला जात नाही. तो एकदम इस्पितळाच्या बिलात दिसतो. रोजचा अर्धा तास ही त्या घसाऱ्याची तरतूद आहे. चैन नाही आणि स्वार्थही नाही.

येत्या रविवारी जेवणानंतर सर्वांनी एकत्र बसावे. एक कागद घेऊन आईचा दिवस आणि वडिलांचा दिवस शेजारी-शेजारी लिहावा. मुलांना बेरीज करू द्यावी, ती १,४४० आलीच पाहिजे. मग कोणते काम कोणाकडे गेले ते लिहून कागद ओट्यावरच्या भिंतीला चिकटवावा. आई चालायला गेली त्या तारखेवर मुलांनी कॅलेंडरवर खूण करावी. महिनाअखेर निदान वीस खुणा दिसल्या पाहिजेत. कमी दिसल्या तर आईला बोल लावू नये. कागदावरचे कोणाचे काम राहिले, ते आधी पाहावे.