मनीला खोकं द्या!

दोस्तांनो, प्राण्यांच्या निवाऱ्यातून घरी आणलेली मनी कपाटामागे दडून बसली, तर हिरमुसू नका. ती तुमच्यावर रुसलेली नाही. घरातले वास नवे, आवाज नवे, म्हणून ती बिचकलीय. ओढून बाहेर काढलंत, तर भीती आणखी वाढेल.

मग काय करायचं? शांत खोलीत पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवा, आत जुनी चादर घाला. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांना २०१४ साली दिसलं, की निवाऱ्यात नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपायला खोकं मिळालं, ती लवकर सावरली. खाणं-पाणी एका कोपऱ्यात, शी-शूसाठी वाळूची पाटी दुसऱ्या कोपऱ्यात.

तुम्ही तिथेच जमिनीवर बसून अभ्यास करा. तिच्याकडे टक लावून बघू नका. नजरानजर झालीच, तर डोळे सावकाश मिटून उघडा. मांजरांच्या भाषेत ही मैत्रीची खूण!

आईबाबांनो, दिवस उलटूनही तिने काहीच खाल्लं नाही, तर पशुवैद्यांना जरूर विचारा.

बाकी घाई नको. कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला दोन महिने. मग ती आपणहून येऊन तुमच्या पायाला अंग घासेल. ती शाबासकी तुमच्या सबुरीला!