कानाचं मशीन घेताना: तीन हजारांचं, तीन लाखांचं की एअरपॉड्स?

२०२४ या एकाच वर्षात कानाच्या मशीनशी संबंधित तीन बातम्या आल्या. फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने 'मुख्यमंत्री वयोश्री योजना' मंजूर केली. वय ६५ किंवा जास्त आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कंबरेचा पट्टा अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये थेट बँक खात्यात. ऑगस्टमध्ये फोनाक कंपनीने गोंगाटातून माणसाचं बोलणं वेगळं काढणारी स्वतंत्र एआय चिप असलेलं मशीन आणलं. सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने एअरपॉड्स प्रो २ मधल्या 'हिअरिंग एड' सॉफ्टवेअरला परवानगी दिली.

या बातम्या व्हॉट्सअॅपवर फिरल्या की घरात एकच प्रश्न येतो, "मग आजोबांना यातलं काय घ्यायचं?" आणि तो प्रश्न घरातल्या स्मार्टफोनवाल्याकडे, म्हणजे तुमच्याकडेच येतो. माझ्याकडेही आला. इथे नाशिकमध्ये माझ्या मामांसाठी मशीन शोधताना जे कळलं, ते सरळ सांगतो. मशीन किती रुपयांचं आहे यापेक्षा ते त्या माणसाच्या कानाला 'सेट' केलंय की नाही, यावर सगळं ठरतं.

आवाज येतो, पण शब्द कळत नाही

आपल्याला वाटतं, ऐकू कमी येतं म्हणजे सगळ्या आवाजांचा व्हॉल्यूम खाली गेला. तसं नसतं. वयामुळे किंवा सततच्या आवाजामुळे कान खराब होतात तेव्हा बहुतेक वेळा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. 'आ', 'ओ' हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि त्यांच्यात जोर असतो. ते नीट ऐकू येतात. 'स', 'श', 'फ', 'त', 'ख' या व्यंजनांची ओळख मात्र वरच्या पट्टीत असते आणि ती मुळातच हलकी असतात. ती आधी गळतात.

लासलगावच्या कांदा लिलावात उभे आहात असं समजा. 'सातशे' आणि 'आठशे' यांतला 'स' आणि 'त' काढून टाका. काय उरतं? एक लांब 'आ' आणि पुढे काहीतरी पुसट. म्हणूनच आजोबा म्हणतात, "तू बोलतोस ते ऐकू येतं रे, पण कळत नाही." ते खरंच सांगत असतात.

दुसरी गंमत सगळ्यांच्या घरात घडते. आपण हळू बोललो तर, "जरा मोठ्याने बोल!" मोठ्याने बोललो तर, "ओरडतोस कशाला?" हा चिडखोरपणा नाही. आतल्या कानातल्या पेशी कमी झाल्या की हलका आवाज ऐकूच येत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच, कधी जास्तच टोचतो. मधली आरामाची जागा अरुंद होते.

माझे मामा सातपूर एमआयडीसीत तीस वर्षं प्रेस मशीनवर होते. त्यांनी ऑनलाइन आठशे रुपयांचं एक 'साउंड अॅम्प्लिफायर' मागवलं होतं. ते पंखा, कुकर, भांडी आणि माणसं सगळ्यांनाच सारखं मोठं करायचं. चार दिवसांत ते कपाटात गेलं. "कानाच्या मशीनचा काही उपयोग नसतो," असं त्यांचं पक्कं मत झालं, आणि पुढची दोन वर्षं ते लग्नकार्यात कोपऱ्यात बसून राहिले. स्वस्त वस्तूचा खरा तोटा आठशे रुपयांचा नसतो, तो या दोन वर्षांचा असतो.

आत नक्की काय चालतं?

खऱ्या डिजिटल हिअरिंग एडमध्ये एक किंवा दोन माइक असतात. माइकने घेतलेला आवाज आकड्यांमध्ये बदलतो, एक छोटा प्रोसेसर त्याचे वेगवेगळ्या पट्ट्यांमध्ये तुकडे करतो, प्रत्येक पट्टीला लागेल तेवढंच बळ देतो आणि मग बारीक स्पीकर तो आवाज कानात सोडतो. या स्पीकरला या धंद्यात 'रिसीव्हर' म्हणतात. हे सगळं साधारण दहा मिलिसेकंदांच्या आत होतं.

आता तुम्ही म्हणाल, फोनवर फुकट अॅप आहे, ब्लूटूथ इअरबड आहेत, मग झालं की! इथेच गोम आहे. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज पोचायला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. गाणं ऐकताना ते कळत नाही. समोरचा माणूस बोलत असताना मात्र ओठ आधी आणि आवाज नंतर असं होतं, डोकं भणभणतं. अँड्रॉइडचं 'साउंड अॅम्प्लिफायर' वापरून बघायचं असेल तर वायरचे इअरफोन लावा.

हलका आवाज जास्त वाढवायचा आणि मोठा आवाज कमी वाढवायचा, या युक्तीला 'कम्प्रेशन' म्हणतात. आठशेच्या डबीत आणि खऱ्या मशीनमध्ये हा मोठा फरक आहे. पण कुठली पट्टी किती वाढवायची हे मशीनला कोण सांगणार? ऑडिओग्राम.

ऑडिओग्राम म्हणजे तुमच्या कानाचा नकाशा. शांत खोलीत हेडफोन लावून साधारण २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंतचे 'टूं टूं' आवाज ऐकवतात आणि प्रत्येक पट्टीत किती डेसिबलला तुम्हाला ऐकू आलं ते कागदावर मांडतात. मामांच्या ऑडिओग्राममध्ये ४,००० हर्ट्झच्या आसपास रेषा एकदम खाली गेली होती. कारखान्यातल्या आवाजाने कान गेल्याची ती ओळखीची खूण. हा आलेख कॉम्प्युटरवरून मशीनमध्ये भरला जातो. दोन माणसांनी एकाच कंपनीचं एकच मॉडेल घेतलं तरी आतलं सेटिंग वेगळं असतं. दुसऱ्याचा चष्मा घालत नाही ना? तसंच.

एआयचा खरा उपयोग कुठे?

शांत खोलीत दोन माणसं बोलत असतील, तर नीट सेट केलेलं मध्यम किमतीचं मशीनही छान काम करतं. अडचण येते ती हॉटेलात, बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत. जुनी पद्धत अशी की दोन माइकच्या मदतीने समोरचा आवाज धरायचा आणि मागचा दाबायचा. नवीन मशीनमध्ये आधीच शिकवलेलं न्यूरल नेटवर्क असतं. ओटिकॉनने २०२१ च्या सुमारास आणलेलं 'मोअर' हे मॉडेल एक कोटी वीस लाख ध्वनिदृश्यांवर शिकवल्याचं कंपनी सांगते. फोनाकने २०२४ मध्ये या कामासाठी वेगळी चिपच बसवली.

तंत्रज्ञान खरं आहे, पण दिवसभर घरात, अंगणात आणि टीव्हीसमोर असणाऱ्या आजींना त्यासाठी लाखभर जास्त मोजण्याची गरज आहे का, हे आधी बघा. रोज दुकानावर बसणारे काका असतील तर हिशेब वेगळा.

एअरपॉड्स चालतील का?

काही जणांना नक्की चालतील. हे फीचर १८ वर्षांवरच्या, सौम्य ते मध्यम स्वरूपात ऐकू कमी येणाऱ्यांसाठी आहे. आयफोन किंवा आयपॅडवरच चाचणी करून सेटिंग होतं. अशी फीचर्स देशानुसार बदलतात, म्हणून विकत घेण्याआधी आपल्या देशासाठी ते सुरू आहे का, ते अॅपलच्या साइटवर तपासा.

मर्यादाही आहेत. एअरपॉड्स प्रो २ ची बॅटरी एका चार्जमध्ये साधारण सहा तास चालते, तर हिअरिंग एड सकाळी लावून रात्री काढायचं असतं. शिवाय कानात बड बघून समोरच्याला वाटतं, हे गाणी ऐकतायत. आणि आजोबांकडे साधा अँड्रॉइड असेल तर फक्त यासाठी आयफोन घेण्यात अर्थ नाही. पण चाळिशी-पन्नाशीतल्या आईवडिलांकडे दोन्ही वस्तू आधीच असतील, तर सुरुवात म्हणून हा चांगला मार्ग आहे.

कोणता प्रकार कोणाला?

दुकानात पहिला प्रश्न असतो, "दिसणार नाही असं आहे का?" हा प्रश्न शेवटी विचारा. आधी ऑडिओग्राम, मग बोटं, मग कानाची अवस्था, आणि नंतर दिसणं.

- पॉकेट मॉडेल: खिशात डबी आणि कानापर्यंत वायर. स्वस्त, बटणं मोठी, हाताळायला सोपं. पण माइक खिशात असल्यामुळे कपड्यांची सळसळ ऐकू येते.
- कानामागचं (बीटीई): कानामागे मशीन, कानात मापाचा मोल्ड. बरंच कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी हेच. मुलांचा कान वाढला की फक्त मोल्ड बदलायचा.
- रिसीव्हर कानात असलेलं (आरआयसी): मागे छोटं मशीन, बारीक वायर, कानात स्पीकर. उंच पट्टी गेलेल्या बहुतेक ज्येष्ठांना हे जमतं. कान पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमत नाही.
- पूर्ण कानात बसणारं (सीआयसी, आयआयसी): दिसत नाही, पण बॅटरी अगदी लहान, मळ लगेच अडकतो, ताकदही मर्यादित. थरथरत्या हातांना हे नको.

कान वाहत असेल तर कान बंद करणारं कुठलंही मशीन घेण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अचानक ऐकू येणं बंद झालं, एकाच कानाचं कमी झालं किंवा चक्कर येत असेल, तर दुकानात न जाता थेट डॉक्टरकडे. अचानक गेलेल्या कानासाठी पहिले काही दिवसच महत्त्वाचे असतात.

बॅटरीचंही बघा. सेलवाल्या मशीनला रंगांवरून ओळखायचे सेल लागतात: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. सुरगाणा किंवा पेठच्या पाड्यावर राहणाऱ्याला ते सहज मिळतील का? नाहीतर चार्जिंगचं बरं, पण तिथे वीज किती वेळ असते तेही विचारा. आणि पावसाळ्यात रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायची सवय लावा.

मग ३,००० रुपयांत काय येतं?

खरं सांगायचं तर पॉकेट मॉडेल, किंवा फार तर साधं बीटीई. चांगलं, प्रोग्राम होणारं मशीन एका कानाला पंधरा-वीस हजारांपासून पुढे जातं आणि वरच्या मॉडेलची जोडी काही लाखांत. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, तरीही हा आकडा साध्या घराला झेपत नाही.

योजना वाईट नाही. पण वॉकर विकत घेतला की लगेच वापरता येतो, कानाचं मशीन तसं येत नाही. तपासणी, सेटिंग आणि महिन्याभराने पुन्हा सेटिंग हा त्याचा अर्धा भाग आहे. पैसे खात्यात आले आणि त्यातून बाजारातली तीच आठशेची डबी आली, तर कपाटातल्या डब्यांमध्ये आणखी एकीची भर पडेल. म्हणून केंद्राची 'राष्ट्रीय वयोश्री योजना' आणि दिव्यांगांसाठीची 'एडिप' योजना, यांची शिबिरं जवळपास लागतात का ते पाहा. जिल्हा रुग्णालयात कानाच्या तपासणीची चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था फक्त वाचा आणि श्रवण याच कामासाठी आहे. नाशिकहून सकाळी निघालं तर एका दिवसात काम होतं.

दुकानात मात्र हे पाच प्रश्न विचाराच:

१. ऑडिओग्रामची प्रत मला मिळेल का?
२. घरी नेऊन काही दिवस वापरून बघता येईल का?
३. नंतरच्या सेटिंगचे पैसे वेगळे आहेत का?
४. आमच्या या फोनला ब्लूटूथने जोडून दाखवाल का?
५. बिघडलं तर दुरुस्ती नाशिकमध्येच होते का?

मशीन आल्यावरही पहिले दोन-तीन आठवडे कठीण असतात. वर्षानुवर्षं न ऐकलेले पंख्याचे, चपलांचे, पिशवीचे आवाज एकदम येतात आणि मेंदू भांबावतो. आधी घरात दोन तास, मग हळूहळू वेळ वाढवा. मामांनी दुसऱ्याच दिवशी मशीन काढून ठेवलं होतं. मग मामीने रोज संध्याकाळी चहाच्या वेळी लावायचं, असा नियमच केला. तीन आठवड्यांनी ते स्वतःहून सकाळी लावायला लागले.

आणि शेवटचं, तुमच्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणं सुरक्षित. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की ही वेळ निम्मी होते. मिरवणुकीत नाशिक ढोलाच्या अगदी पुढे किंवा डीजेच्या भिंतीसमोर उभं राहिलं तर आठवड्याचा कोटा फार लवकर संपतो. दहा रुपयांचे फोमचे इअरप्लग खिशात ठेवा, आणि फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची मर्यादा आजच लावा. कानातल्या त्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत, आणि कितीही भारी मशीन उरलेल्या पेशींवरच काम करतं.