६०,०००ची पुडी

परवा वेल्ह्याला मावशीकडे गेलो होतो. फडताळात ड जीवनसत्त्वाच्या पुड्यांची ही चळत! २०२१ च्या कोरोनात कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून दर रविवारी दुधातून एक. "व्हायरल होत नाही रे त्याने."

आता मावशीला कोण सांगणार? मीच सांगितलं. ६०,००० युनिटची पुडी साधारण आठ आठवडे देतात, तीही कमतरता असेल तर. हे जीवनसत्त्व शरीरातल्या चरबीत साठतं. अती झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं आणि भोगतं मूत्रपिंड. व्हायरलचं म्हणाल तर २०१७ साली २५ चाचण्या एकत्र मांडल्यावर थोडा फायदा दिसला होता. २०२५ मध्ये ४६ चाचण्या मांडल्या, तेव्हा तोही ठामपणे दिसला नाही.

भोर-वेल्ह्याकडे पावसाळाभर ऊन नावालाच, त्यात लावणीला पाठीवर इरलं. हाडं दुखत असतील तर तपासावं, कमी असेल तर जरूर घ्यावं. माझा राग पुडीवर नाही, 'प्रतिकारशक्ती' या शब्दावर आहे. तो चिकटवला की कुठलंही औषध जन्मभराचं होतं.

मावशीने नसरापूरला जाऊन रक्त तपासायचं कबूल केलं. निघताना पिशवीत इंद्रायणी तांदूळ घातला, आणि वर दोन पुड्या. "सूनबाईला दे."