विद्यावेतन आणि विद्येचा अवकाश

राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा निकाल वर्षातून दोनदा लागतो आणि त्या दिवशी काही घरांत पेढे वाटले जातात. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्या तरुणांचे अभिनंदन व्हावयासच हवे. परंतु ही वृत्ती कशासाठी दिली जाते, ती घेणाऱ्याकडून कोणती अपेक्षा आहे आणि ती पुरी करण्याची साधने त्याला मिळतात काय, हे प्रश्न त्या आनंदाच्या भरात कोणी विचारीत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्यापाशी निदान प्रयोगशाळा तरी असते. इतिहास, भाषा व कला यांच्या अभ्यासकाची प्रयोगशाळा जुन्या वाड्यांत, दफ्तरखान्यांत आणि वृद्धांच्या स्मरणात विखुरलेली असते. म्हणून या विद्याशाखांपुरता तरी हा व्यवहार तपासून पाहणे अगत्याचे आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.चे नवे नियम जारी केले. त्यांनुसार पूर्वाभ्यासक्रम धरून या पदवीस किमान तीन व कमाल सहा वर्षे लागावीत आणि निकड पडल्यास दोन वर्षांची मुदतवाढ मिळावी, असे ठरले. पूर्वाभ्यासक्रम किमान बारा श्रेयांकांचा. त्यानंतर दर सहामाहीस संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगतीचे निवेदन. आठवड्यास चार ते सहा तास अध्यापन वा संशोधनसाहाय्याचे काम. शेवटी प्रबंध, बाहेरच्या परीक्षकांचे अभिप्राय आणि मौखिक परीक्षा. प्रबंधापूर्वी नियतकालिकात लेख छापून आणण्याची सक्ती या नियमांनी काढून टाकली, हे योग्यच झाले. त्या सक्तीमुळे पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले होते. चौकट कागदावर नेटकी आहे, याबद्दल वाद नाही.

आता पैशाचा हिशेब पाहू. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ वृत्ती दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी मिळणारी वरिष्ठ वृत्ती ४२,००० रुपये झाली. पाच वर्षांची बेरीज बरोबर चोवीस लाख भरते; घरभाडे वेगळे. रक्कम तुच्छ नाही. परंतु पुस्तके, प्रवास, कागदपत्रांच्या नकला यांसाठी मिळणारा सादिलवार खर्च मानव्यविद्यांच्या संशोधकास पहिली दोन वर्षे वार्षिक १०,००० आणि नंतर २०,५०० रुपये एवढाच आहे. म्हणजे पाच वर्षांत ८१,५०० रुपये. विज्ञानशाखांस तो यापेक्षा अधिक मिळतो. जणू इतिहासाचा विद्यार्थी घरी बसूनच इतिहास शोधतो! ज्यांना ही वृत्ती मिळत नाही त्यांच्यासाठी केंद्रीय विद्यापीठांत ८,००० रुपयांची सोय झाली, पण राज्यांच्या विद्यापीठांतील संशोधक त्या योजनेच्या बाहेरच राहिले. मंजूर वृत्ती महिनोन्महिने हाती पडत नाही ही तक्रार तर देशभर ऐकू येते.

ही चौकट प्रत्यक्षात कितपत पुरी पडते हे पाहावयाचे तर एखादा प्रदेश डोळ्यांपुढे ठेवावा लागेल. आम्ही माळव्यातील धार आणि देवास ही दोन स्थळे घेतो. अठराव्या शतकात पवारांनी तेथे बस्तान बसविले. धारच्या किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात नांदल्या आणि १९४८ पर्यंत एका शहराने दोन राजे पाहिले. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस होता. त्याने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकामुळे देवासचे नाव जगाच्या वाचनात आले. पण या संस्थानांचा मराठी कारभार समजून घ्यावयाचा तर मोडी वाचता आली पाहिजे, शेजारच्या दरबारांशी झालेल्या व्यवहारासाठी फारसीची ओळख पाहिजे, पोलिटिकल एजंटांच्या पत्रांसाठी इंग्रजी आणि गावकऱ्यांशी बोलण्यासाठी माळवी पाहिजे. आज देवास उज्जैनच्या आणि धार इंदूरच्या विद्यापीठाच्या परिसरात येते. तेथील, किंवा पुण्या-मुंबईतील, एखाद्या विद्यार्थ्याने हा विषय घेतला तर बारा श्रेयांकांच्या पूर्वाभ्यासक्रमात त्याला यांपैकी काय शिकविले जाईल? संशोधनपद्धती, संशोधनाची नीती आणि संदर्भ देण्याचे नियम. पद्धती उत्तम अवगत झालेला हा विद्यार्थी रुमाल सोडून बसला की पहिल्याच कागदाशी अडेल.

या भूमीत पूर्वी ज्यांनी मोठे काम केले, त्यांचा पैसा कोठून आला हे पाहणे उद्बोधक आहे. काशिनाथ कृष्ण लेले हे धार संस्थानचे शिक्षणाधिकारी होते. कमाल मौला मशिदीच्या वास्तूतील शिलालेखांकडे १९०३ च्या सुमारास त्यांनी विद्वानांचे लक्ष वेधले. त्यांतून परमार राजा अर्जुनवर्मा याच्या काळातील, मदन कवीच्या ‘पारिजातमंजरी’ नाटिकेचे दोन अंक शिळेवर कोरलेले मिळाले आणि हुल्ट्श या जर्मन पंडिताने ते संपादून प्रसिद्ध केले. लेल्यांना पोसले ते संस्थानच्या नोकरीने. सीतामऊचे डॉ. रघुवीरसिंह यांनी माळव्याच्या संक्रमणकाळावर प्रबंध लिहून १९३६ साली डी.लिट. मिळविली, त्यांच्यामागे राजघराण्याची मिळकत होती. एड्रियन मेयर हे मानववंशशास्त्रज्ञ १९५४ ते १९५६ या काळात देवास जिल्ह्यातील एका खेड्यात येऊन राहिले. त्यांना आधार ऑस्ट्रेलियातील विद्यापीठाचा होता. गावाला ‘रामखेडी’ असे कल्पित नाव देऊन त्यांनी जातिव्यवस्था व नातेसंबंध यांवर लिहिलेला ग्रंथ १९६० साली निघाला आणि आजही तो अभ्यासकांना टाळता येत नाही.

चौथे उदाहरण विद्यापीठाच्या दारात कधीच न गेलेल्याचे आहे. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाच्या आजाराने देवासला आले. काही वर्षे त्यांना गाणे वर्ज्य होते. त्या सक्तीच्या मौनात त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली, टिपली, त्यांतील स्वरांचा विचार केला; पुढे त्यातूनच धून-उगम रागांची निर्मिती झाली आणि १९६५ साली ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध झाला. त्या काळात घर चालविले ते पत्नी भानुमतीबाईंच्या शिक्षिकेच्या पगाराने. कलाशाखेतील संशोधन याहून वेगळे काय असते? मात्र सहामाही समितीपुढे उभे केले असते तर त्या वर्षांची प्रगती ‘असमाधानकारक’ अशीच नोंदली गेली असती.

नोकरी, मिळकत, परदेशी विद्यापीठ आणि पत्नीचा पगार. चौघांचे आधार भिन्न होते. परंतु त्यांपैकी प्रत्येकाला साधनांच्या सान्निध्यात दीर्घकाळ राहता आले. आजचे शासन या चौघांनाही हेवा वाटावा इतके नियमित वेतन देऊ करते, पण ते सान्निध्य देत नाही. ही खरी उणीव आहे.

यावर असे म्हटले जाईल की, हा करदात्यांचा पैसा आहे आणि विद्यावेतन घेऊन केवळ स्पर्धापरीक्षांची तयारी करणारेही कमी नाहीत. आक्षेप खोटा नाही. हिशेब मागितलाच पाहिजे. तो कशाचा मागावयाचा एवढाच प्रश्न आहे. सहामाहीस किती पाने लिहिली यापेक्षा किती कागद वाचले, किती मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, कोणत्या घरातील दप्तराची सूची केली, हे समितीने विचारावे. पूर्वाभ्यासक्रमात विषयाला लागणारी लिपी व बोली अनिवार्य करावी. निदान एक वर्ष मूळ साधनांच्या गावी राहणे बंधनकारक असावे आणि त्यासाठी सादिलवार खर्चाची मर्यादा वाढवावी. प्रबंधाबरोबरच जमविलेल्या साधनांची एक प्रत सार्वजनिक संग्रहात दाखल व्हावी, म्हणजे पदवी एकाची झाली तरी सामग्री सर्वांची होईल.

या गोष्टीची निकड केवळ पंडितांपुरती नाही. धारच्या त्याच वास्तूवरून पुढे वाद पेटले, न्यायालयांत गेले आणि उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०२४ साली पुरातत्त्व खात्याने तेथे पाहणी केली. त्या वादाचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. परंतु शिळेवरील अक्षर स्वतः वाचून सांगणारे जितके कमी, तितके न वाचता ओरडणारे अधिक, हे कोणत्याही पक्षाला मान्य व्हावे.

आणि माळव्याकडे बोट दाखविताना आपल्या अंगणाचा विसर पडू नये. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर पोर्तुगीज दफ्तरात आयुष्यभर बसले म्हणून गोव्याच्या व मराठ्यांच्या संबंधांचा इतिहास उजेडात आला. त्या दफ्तरात मोडी आहे, गोयकानडी आहे, पोर्तुगीज तर आहेच. १९८५ पासून आपले स्वतःचे विद्यापीठ आहे आणि तेथे विद्यावेतन घेणारे संशोधकही आहेत. कोकणीच्या आणि मराठीच्या अभिमानाची भाषणे आपण पुष्कळ ऐकली. त्यांतील किती वक्त्यांना आपल्याच गावकारीचा जुना कागद वाचता येईल? वृत्तीचा आकडा वाढला म्हणून समाधान मानण्यापूर्वी विद्यापीठांनी एवढे करावे, की पाच वर्षांनी बाहेर पडणाऱ्या संशोधकाला आपल्या विषयाचे मूळ पान कोणाच्या मदतीवाचून वाचता येईल. चोवीस लाखांच्या मोबदल्यात समाजाने एवढे मागणे काही फार नव्हे.